संकल्प लहान, वाचन अखंड : बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे सामान्य संसारी मनुष्याच्या मनात नकळत एक विचार येतो. हे पुरुष जन्मतःच मोठे होते, त्यांस बुद्धी निराळी, प्रसंग निराळा. आपणांस त्यांचे अनुकरण कोठून साधणार? असे म्हणून आपण ग्रंथ मिटतो आणि पुनः नित्याच्या व्यवहारास लागतो. परंतु काही थोडी चरित्रे अशी आहेत की, त्यांत थोरपणाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. एकेक पायरी हातभर उंचीची. कोणाही प्रापंचिकास चढता येईल अशी. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र या वर्गात मोडते. ते मुद्रक होते, ग्रंथकार होते, शास्त्रज्ञ होते, मुत्सद्दी होते. तथापि या सर्वांच्या मुळाशी दोनच सवयी होत्या : रोज काही वाचणे आणि आपल्या आचरणासाठी लहानसा संकल्प करून त्याचा हिशेब ठेवणे. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी ही स्मरणिका जाते. ती आई-वडिलांच्या व मुलांच्याही हाती पडते. म्हणून या दोन सवयींची हकीकत येथे सविस्तर सांगावी असे आम्ही योजिले आहे.

बालपण आणि शाळा

बेंजामिन याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन शहरी झाला. त्याचे वडील जोसाया हे मूळचे इंग्लंडातील. बोस्टनमध्ये येऊन ते चरबीच्या मेणबत्त्या व साबण करण्याचा धंदा करीत. त्यांस दोन बायकांपासून एकंदर १७ अपत्ये झाली. बेंजामिन हे पंधरावे अपत्य आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा, म्हणजे दहावा. एके काळी जेवणाच्या मेजाभोवती तेरा भावंडे एकदम बसत. एवढ्या मोठ्या कुटुंबात वडिलांची कमाई कोठवर पुरणार?

मुलगा हुशार दिसला म्हणून आठव्या वर्षी त्यास लॅटिन शाळेत घातले. तेथे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो वर्गात वरच्या क्रमांकावर आला. परंतु पुढील शिक्षणाचा खर्च झेपणार नाही हे ओळखून वडिलांनी त्यास त्या शाळेतून काढले आणि लेखन व हिशेब शिकविणाऱ्या दुसऱ्या शाळेत घातले. तेथे अक्षर चांगले झाले, पण गणितात तो नापास झाला. दहाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. एकंदर शिक्षण दोन वर्षांच्या आसपास! पुढे ज्यांस ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली, त्यांचे शालेय शिक्षण एवढेच होते, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वडिलांच्या दुकानात वाती कापणे, साच्यांत चरबी ओतणे, निरोप पोहोचविणे ही कामे त्याच्या वाट्यास आली. त्याचे मन त्यांत रमेना. समुद्रावर पळून जावे असे त्यास वाटे. वडील मोठे समंजस होते. त्यांनी मुलाला रागे भरण्याऐवजी गावात हिंडवून सुतार, गवंडी, कांतारी, तांबट अशा निरनिराळ्या कारागिरांची कामे दाखविली आणि मुलाचा कल कोणीकडे आहे ते पाहिले. मुलास पुस्तकांची आवड आहे हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा वडील भाऊ जेम्स याच्या छापखान्यात, १७१८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी त्यास उमेदवार म्हणून ठेवले. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. पगार मिळावयाचा तो केवळ शेवटच्या वर्षी.

वाचनाची भूक

वाचनाची गोडी त्यास इतक्या लहानपणी लागली की, आपल्यास वाचता येत नव्हते तो काळच पुढे त्यास आठवेना. हाती पडणारा प्रत्येक पैसा पुस्तकांवर जाई. प्रथम त्याने जॉन बन्यन याच्या ग्रंथांचे लहान लहान भाग विकत घेतले. ते वाचून झाल्यावर विकून टाकले व आलेल्या पैशांतून इतिहासाची स्वस्त पुस्तके घेतली. वडिलांच्या संग्रहात बहुतेक धर्मवादाची पुस्तके होती, तीही त्याने वाचली. त्यांतच प्लूटार्कने लिहिलेली थोरांची चरित्रे त्यास सापडली, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे त्यास जन्मभर वाटले.

छापखान्यात आल्यावर पुस्तकविक्रेत्यांकडील उमेदवार मुलांशी त्याची ओळख झाली. संध्याकाळी ती मुले त्यास दुकानातील पुस्तक गुपचूप वाचावयास देत. मात्र ते सकाळी दुकान उघडण्यापूर्वी परत गेले पाहिजे. तेव्हा रात्रीचा बराच भाग जागून तो ते संपवी. पुस्तकावर डाग पडू नये, पान मुडपू नये याची तो फार काळजी घेई, कारण एकदा विश्वास उडाला म्हणजे दुसरे पुस्तक मिळावयाचे नाही. पुढे छापखान्यात येणाऱ्या एका सुशिक्षित व्यापाऱ्याचे लक्ष या मुलाकडे गेले व त्याने आपला ग्रंथसंग्रह त्यास मोकळा करून दिला.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास एका ग्रंथात शाकाहाराची शिफारस त्याच्या वाचनात आली. त्याने भावास सांगितले की, माझ्या जेवणासाठी तुम्ही जे देता त्याचे निम्मे मला द्या, मी माझे जेवण पाहीन. भावाने ते आनंदाने मान्य केले. त्या निम्म्यातूनही निम्मे वाचते असे बेंजामिनला आढळून आले. ती शिल्लक पुस्तकांसाठी. शिवाय दुपारी इतर मंडळी जेवावयास गेली म्हणजे तो पावाचा तुकडा, मूठभर मनुका व पाणी एवढ्यावर जेवण उरके आणि राहिलेला वेळ वाचनात घालवी. शाळेत ज्या गणिताने दगा दिला होता, तेच गणित त्याने याच दुपारच्या सुट्टीत, पुस्तक समोर ठेवून, कोणाच्याही मदतीवाचून पुरे केले. आपल्यापैकी वेळ नाही अशी सबब सांगणाऱ्यांनी या दुपारच्या अर्ध्या तासाचा अवश्य विचार करावा.

लहान अभ्यास, रोजचा अभ्यास

याच वयात त्याचा एका मित्राशी वाद झाला. मुलींना विद्या शिकवावी की नाही, असा वादाचा विषय होता. बेंजामिन शिकवावी या बाजूचा होता. वाद पत्रांनी चालला. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली. त्यांनी विषयाबद्दल काही न बोलता एवढेच दाखविले की, मुलाचे शुद्धलेखन व विरामचिन्हे बरी आहेत, परंतु मांडणी, स्पष्टता व भाषेचा डौल यांत मित्र वरचढ आहे. उदाहरणे काढून त्यांनी ते पटवून दिले. मुलगा रुसला नाही. आपले लिहिणे सुधारावयाचे असा त्याने निश्चय केला.

निश्चय सर्वच करतात. तो पार पाडण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. लंडनच्या स्पेक्टेटर या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्यास मिळाला होता. त्यातील निबंध वाचून तो प्रत्येक वाक्याचा आशय दोन शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस जाऊ देई. मग मूळ न पाहता त्या टिपणांवरून तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुरा करी आणि मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करी. शब्द अपुरे पडतात असे दिसले, तेव्हा तो गद्याचे पद्य करू लागला आणि विसर पडल्यावर पद्याचे पुनः गद्य. विचारांची संगती शिकावी म्हणून टिपणे मुद्दाम विस्कटून टाकी व काही आठवड्यांनी पुनः क्रमाने लावी. हे सर्व पहाटे कामापूर्वी, रात्री कामानंतर किंवा रविवारी. क्वचित एखाद्या ठिकाणी आपले वाक्य मुळाहून बरे साधले असे त्यास वाटे व तेवढ्याने त्याचा हुरूप वाढे. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे.

या अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. जेम्सने १७२१ साली एक वर्तमानपत्र सुरू केले होते. धाकट्या भावाचे लिखाण तो छापणार नाही, हे जाणून बेंजामिनने १७२२ मध्ये एका विधवा बाईच्या नावाने लिहिलेले लेख रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सारले. ते सर्वांस आवडले व एकंदर १४ लेख छापून आले. खरा लेखक उघड झाल्यावर भावाचा मत्सर वाढला. मारहाणही होई. अखेर १७२३ साली, सतराव्या वर्षी, बेंजामिनने बोस्टन सोडले. प्रवासखर्चासाठी त्यास आपली काही पुस्तके विकावी लागली.

उमेदीचा काळ

फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर तो उतरला तेव्हा कपडे मळलेले, खिशात एक डॉलर व थोडीशी खुर्दा. पावाचे तीन मोठे गोळे विकत घेऊन तो रस्त्याने चालला. एक खाल्ला, उरलेले दोन बरोबर आलेल्या एका बाईस व तिच्या मुलास देऊन टाकले. त्याची ती विचित्र स्वारी एका दारात उभ्या असलेल्या डेबोरा रीड नावाच्या मुलीने पाहिली. पुढे १७३० साली हीच मुलगी त्याची पत्नी झाली.

मध्यंतरी तेथील गव्हर्नराच्या पोकळ आश्वासनांवर विसंबून तो १७२४ मध्ये लंडनला गेला. तेथे गेल्यावर सर्व मुसळ केरात! शिफारसपत्रे नाहीत, पैसे नाहीत. परंतु हातात कसब होते. छापखान्यात काम मिळाले. त्याच्या बिऱ्हाडाशेजारी जुन्या पुस्तकांचे एक मोठे दुकान होते. दुकानदाराशी त्याने ठराव केला की, थोडे मोल घेऊन कोणतेही पुस्तक वाचावयास द्यावे व वाचून झाल्यावर परत घ्यावे. संकट आले तरी वाचनाचे दार त्याने असे उघडे ठेविले.

१७२६ साली परत येताना जहाजावर त्याने आपल्या पुढील वागणुकीची एक योजना लिहून काढली. तीत मोठी प्रतिज्ञा काहीच नव्हती. कर्ज फिटेपर्यंत काटकसरीने राहावे, खरे बोलावे, हातचा धंदा नेटाने करावा, कोणाची निंदा करू नये, एवढेच. वीस वर्षांच्या तरुणाने आपल्या आयुष्यास घातलेली ही पहिली आखणी होय.

यापुढे बेंजामिनचे फ्रँकलिन झाले. म्हणून आम्हीही आता त्यांचा उल्लेख आदरार्थी करतो. १७२८ मध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला व १७२९ मध्ये एक वर्तमानपत्र विकत घेऊन चालविले. अडचणीच्या वेळी दोघा मित्रांनी पैसे उभे करून दिले, ते उपकार ते कधी विसरले नाहीत. विकत घेतलेला कागद ते स्वतः हातगाडीवर घालून भर रस्त्याने ओढीत नेत. १७३२ पासून ते गरीब रिचर्ड या टोपणनावाने पंचांग काढू लागले. त्यातील रिकाम्या जागी उद्योग व काटकसर शिकविणारी लहान लहान वचने घालीत. दरसाल दहा हजारांच्या आसपास प्रती खपत. ज्या घरी दुसरे पुस्तक नसे, त्या घरीही पंचांग असेच, हे त्यांनी ओळखले होते.

मित्रमंडळ आणि वाचनालय

१७२७ साली त्यांनी आपल्यासारख्याच होतकरू तरुणांचे एक मंडळ काढले. त्यात छापखान्यातले कामगार होते, मोजणीदार होता, चांभारकाम करणारा होता, सुतार होता. दर शुक्रवारी सायंकाळी सर्वांनी जमावे, नीती, राजकारण वा शास्त्र यांतील प्रश्नावर चर्चा करावी, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने एक निबंध वाचावा, असा नियम होता. चर्चा सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी नव्हे. हट्टाने बोलणाऱ्यास थोडासा दंडही होई.

चर्चेत ग्रंथांचे आधार लागू लागले, तेव्हा सर्वांनी आपापली पुस्तके आणून एका खोलीत ठेवावी अशी सूचना फ्रँकलिन यांनी केली. प्रयोग वर्षभर चालला. पण पुस्तकांची नीट निगा न राहिल्याने प्रत्येकाने आपापली पुस्तके परत नेली. दुसरा कोणी असता तर लोकांस दोष देऊन स्वस्थ बसला असता. फ्रँकलिन यांनी योजनेतील उणीव काय ती पाहिली. १७३१ साली त्यांनी वर्गणीचे वाचनालय स्थापिले. ५० वर्गणीदार, आरंभी प्रत्येकी ४० शिलिंग व नंतर दरसाल १० शिलिंग, अशी व्यवस्था ठरली. त्या काळी वाचणारे इतके थोडे व बहुतेक इतके गरीब की, हे ५० जण मिळविण्यासाठी पुष्कळ खेटे घालावे लागले. त्यातही त्यांना एक अनुभव आला. कल्पना माझी असे म्हटले की लोक मागे सरतात. म्हणून ते ही योजना काही मित्रांची आहे असे सांगू लागले व काम सुरळीत झाले. सार्वजनिक कार्य करणाऱ्या मंडळींनी हा अनुभव गाठीस बांधून ठेवावा.

लंडनहून पहिली पुस्तके १७३२ मध्ये आली. या वाचनालयामुळे फ्रँकलिन यांचाही फायदा झाला. ते रोज एक-दोन तास तेथील ग्रंथांसाठी राखून ठेवीत आणि वडिलांच्या मनातून राहून गेलेले शिक्षण अशा रीतीने त्यांनी भरून काढले. खानावळी, खेळ, करमणूक यांत ते वेळ घालवीत नसत. वाचन हीच त्यांची करमणूक. १७३३ पासून त्यांनी फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांचा अभ्यास केला. एका मित्रास बुद्धिबळाचा फार नाद होता व त्यात यांचा वेळ जाई. तेव्हा यांनी अट घातली की, जिंकणाराने हरणारास इटालियन व्याकरणातील पाठांतर नेमून द्यावे व पुढील भेटीपूर्वी ते पुरे व्हावे. दोघेही तुल्यबळ, त्यामुळे दोघांनीही हरत हरत ती भाषा शिकून घेतली!

पुढे लंडनहून पुस्तके पाठविणाऱ्या पीटर कॉलिन्सन या गृहस्थांनी याच वाचनालयास विजेच्या प्रयोगांसाठी काचेची एक नळी पाठविली. त्या नळीवरून फ्रँकलिन यांचे विद्युत्शास्त्राचे प्रयोग सुरू झाले. १७४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांनी छापखान्याचा नित्याचा कारभार दुसऱ्याकडे सोपविला. आकाशातील वीज व प्रयोगशाळेतील वीज एकच, हे १७५२ च्या प्रयोगांनी सिद्ध झाले. इमारतींचे रक्षण करणारा वीजवाहक दांडा त्यातून निघाला आणि १७५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ले पदक दिले. वाचनालयाच्या दारातून शास्त्र कसे घरात येते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ते वाचनालय फिलाडेल्फियात आजही चालू आहे. आपल्या मुलखातही रत्नागिरीस १८२८ मध्ये व नाशिकास १८४० मध्ये निघालेली वाचनालये आहेत. त्यांच्या सभासदांच्या यादीत आपल्या घरातील कोणाचे नाव आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे.

तेरा गुणांची वही

आता त्यांच्या संकल्पाच्या वहीकडे वळू. पंचविशीच्या सुमारास फ्रँकलिन यांच्या मनात आले की, आपले आचरण सर्वस्वी निर्दोष करावे. लवकरच त्यांस असे दिसले की, एका दोषावर नजर ठेवावी तो दुसरा मागच्या दाराने आत शिरतो. केवळ चांगले वागण्याची इच्छा पुरेशी नाही. सवय बदलली पाहिजे. म्हणून त्यांनी गुणांची यादी केली : मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रांजळपणा, न्याय, समतोल, स्वच्छता, शांती, ब्रह्मचर्य आणि नम्रता. मूळ यादी बाराचीच होती. एका स्नेह्याने स्पष्ट सांगितले की, तुम्ही गर्विष्ठ आहात असा लोकांत समज आहे. तेव्हा तेरावा गुण नम्रतेचा घातला.

या तेरा गुणांची त्यांनी एक छोटी वही केली. प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात उभे रकाने व तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी तांबड्या शाईने आखल्या. रोज रात्री आत्मपरीक्षण करून, ज्या गुणात चूक झाली असेल त्या चौकटीत काळा ठिपका द्यावयाचा. खुबी पुढे आहे. त्यांनी एकदम तेरा गुणांवर मोहीम केली नाही. एका आठवड्यास एकच गुण धरला. त्या ओळीत ठिपका पडू नये एवढीच खटपट. इतर गुणांचे ठिपके पडतील ते पडोत, नोंद मात्र करावयाची. दुसऱ्या आठवड्यास दुसरा गुण. बाग खुरपणारा माळी जसा एक वाफा स्वच्छ करून मगच दुसऱ्याकडे वळतो, तशी ही रीत. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षातून चार फेऱ्या. त्याच वहीत दिवसाचे वेळापत्रक होते. पहाटे पाचास उठून आज कोणते चांगले काम करावयाचे हे ठरवावे. दुपारच्या दोन तासांत जेवण, हिशेब व वाचन. रात्री दहास झोपण्यापूर्वी आज कोणते चांगले काम झाले याची झडती घ्यावी.

आपल्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक ठिपके पडलेले पाहून ते स्वतः चकित झाले. पुसून पुसून कागदास भोके पडली. तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांची वही केली. तीवर शिसपेन्सिलीने ठिपके द्यावे व ओल्या स्पंजाने पुसावे. व्यवस्थितपणा हा गुण तर त्यांस जन्मभर साधला नाही. कागद व वस्तू जागच्या जागी ठेवणे जमलेच नाही. नम्रतेविषयीही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेविले आहे की, ती अंगी बाणली असे म्हणवत नाही. फार तर वरवर दिसू लागली. तथापि त्या निमित्ताने बोलण्यात निःसंशय, खात्रीने असे शब्द त्यांनी टाकले व मला असे वाटते, असे म्हणावयाची सवय लावली. पुढे राजकारणात त्यांच्या शब्दास जे वजन आले, त्याचे बरेच श्रेय ते या लहानशा सवयीस देत.

वर्षे लोटली, कामे वाढली, प्रवास वाढले. फेऱ्या विरळ झाल्या. वही मात्र ते जवळ बाळगीत. वयाच्या ७९ व्या वर्षी या सर्व प्रयत्नांचा आढावा घेताना त्यांनी कबूल केले की, पूर्णत्व गाठता आले नाही, पण प्रयत्न केला नसता तर जसा राहिलो असतो त्याहून अधिक चांगला व अधिक सुखी मनुष्य मी झालो.

वहीत नसलेले दोष

चरित्रलेखकाने केवळ गुणच गावेत हे आम्हांस मान्य नाही. फ्रँकलिन यांच्या घरी गुलाम होते व त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. त्यांच्या तेरा गुणांत न्याय हा गुण होता. पण या अन्यायाचा ठिपका त्या चौकटीत कित्येक वर्षे पडला नाही, कारण भोवतालच्या समाजाप्रमाणे त्यांसही तो दोष वाटत नव्हता. मनुष्य आपल्या वहीत तेवढेच दोष टिपतो, जेवढे त्यास दिसतात. न दिसणारे दोष दाखविण्यासाठी वाचन लागते, परक्याचा अनुभव लागतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची तयारी लागते. १७६३ मध्ये फिलाडेल्फियातील निग्रो मुलांच्या शाळेस त्यांनी भेट दिली. ही मुले बुद्धीने कोणाहून कमी नाहीत, हे पाहून त्यांचे मत बदलले. १७८७ मध्ये ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, गुलामगिरी नष्ट करण्याविषयीचा अर्ज त्यांच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. त्या वेळी तो निष्फळ ठरला. गुलामगिरी कायद्याने नाहीशी होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. तरी ८४ व्या वर्षी मनुष्य आपल्या वहीत नवी ओळ आखू शकतो, हे त्यांनी दाखविले.

घरसंसारातही उणेपणा होता. चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस १७३६ मध्ये देवीच्या रोगाने गेला. त्यास वेळीच टोचून घेतले नाही, याची खंत त्यांना जन्मभर राहिली आणि इतर आईबापांनी तरी सावध व्हावे म्हणून त्यांनी ती लिहून ठेविली. पत्नी डेबोरा १७७४ साली वारली, तेव्हा ते दहा वर्षे लंडनमध्ये होते. स्वातंत्र्ययुद्धात मुलगा विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूस राहिला व बापलेकांत पडलेली फूट पुनः सांधली नाही. मोठ्या कार्याची किंमत घरच्यांसही द्यावी लागते, हे विसरून चालत नाही.

उत्तरायुष्य

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीत ते होते. फ्रान्सची मदत त्यांनी मिळविली. १७८३ चा तह त्यांच्या सहीने झाला. १७८७ मध्ये ८१ व्या वर्षी ते राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेत बसले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. आम्ही येथे दोन लहान गोष्टी सांगतो.

मॅसॅच्युसेट्समधील एका गावाने १७७८ साली त्यांचे नाव धारण केले व प्रार्थनामंदिरासाठी त्यांजकडे घंटेची मागणी केली. त्यांनी घंटेऐवजी ११६ ग्रंथ पाठविले. नादापेक्षा विचार बरा, असा त्यांचा आशय होता. त्या गावाने १७९० मध्ये ते ग्रंथ सर्व रहिवाशांस फुकट वाचावयास देण्याचा ठराव केला. दुसरी गोष्ट त्यांच्या मृत्युपत्रातील. बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांस त्यांनी प्रत्येकी एक हजार पौंड ठेविले. उमेदवारी पुरी केलेल्या तरुण विवाहित कारागिरांस धंदा उभारण्यासाठी ते अल्प व्याजाने कर्जाऊ द्यावे व निधी दोनशे वर्षे वाढवावा, अशी योजना होती. तरुणपणी दोघा मित्रांनी केलेल्या मदतीची ही परतफेड होती. दोनशे वर्षांनी, १९९० नंतर, त्या निधीची लक्षावधी डॉलरांची रक्कम लोकोपयोगी कामांस लागली.

वार्धक्यात डोळे अधू झाले, तेव्हा जवळचे व दूरचे दोन्ही दिसेल असा दुहेरी काचांचा चष्मा त्यांनी तयार करविला. उंच फळीवरचा ग्रंथ काढता येईना, म्हणून लांब काठीच्या टोकास चिमटा बसवून एक साधन केले. मुतखड्याच्या वेदना असह्य होत, तरी पुस्तक हातातून सुटले नाही. घरात चार हजारांहून अधिक ग्रंथ होते. पावाच्या तुकड्यावर जेवून ज्याने पहिली पुस्तके घेतली, त्याचा हा संग्रह! १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांनी देह ठेविला. अंत्ययात्रेस सुमारे वीस हजार लोक जमले होते.

आपणांस बोध

आम्ही आयुष्यभर शिक्षकी पेशा केला. शाळा सुटली की वाचन सुटले, असे शेकडो मुलांचे झालेले आम्ही पाहिले आहे. नोकरी लागते, दुकान सांभाळावे लागते, मुलीचे लग्न होते आणि पुस्तक फळीवर धूळ खात पडते. फ्रँकलिन यांचे वाचन मात्र शाळा सुटल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाले. समर्थांनीही रोज काही लिहावे व वाचावे असा उपदेश केलेला आहे. तो आपण ऐकतो व सोडून देतो, कारण संकल्प करताना आपण एकदम मोठा करतो. पाडव्यास वर्षभराची प्रतिज्ञा होते व चैत्र सरण्यापूर्वी ती विरते.

याकरिता आमची ज्ञातिबंधू व भगिनींस नम्र सूचना अशी की, संकल्प आठवड्यापुरताच करावा. रोज दहा पाने, किंवा रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी मिळून पाव तास, एवढेच. एक वही करावी, सात रकाने आखावे आणि ज्या दिवशी खंड पडेल त्या दिवशी ठिपका द्यावा. वडिलांचे ठिपके मुलांस दिसू द्यावे. त्यात कमीपणा नाही. मुलाची वही पाहणाऱ्या बापाने स्वतःचीही वही दाखविली, म्हणजे घरात उपदेशाची गरज फारशी उरत नाही. ठिपके पडतीलच, ते फ्रँकलिन यांच्या वहीतही भोके पडेपर्यंत पडले. आठवडा संपला की ते पुसावे आणि सोमवारी नवे पान उघडावे.